डाव्या पायाजवळची भोकं

मागच्या पावसाळ्यात कराडजवळच्या एका बागाईतदाराने आजोबांची जीप ओढून माझ्या गॅरेजात आणली. गोठ्यामागे वीस वर्षं उभी होती. पत्रा जागोजागी चुरा झालेला, पण बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून साफ केले तेव्हा डोक्यांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर दिसायला लागलं. फोर्ड आपल्या बोल्टांवर ते अक्षर उठवायचा. म्हणजे गाडी विलीज कंपनीची नव्हती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलीजच्याच नकाशावर फोर्डने बनवलेली होती. या दोघांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात ६ लाखांवर जीप बनवल्या. लढाई संपल्यावर त्यातल्या काही आपल्याकडे डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. त्यातलीच ही एक.

ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळचा आतला पत्रा खरवडताना रंगाचे चार थर निघाले आणि खाली बुजवलेली भोकं लागली. मालकाला वाटलं, कुणीतरी रेडिओ बसवला असेल. मी ओळखलं. इथे आग विझवायच्या नळकांड्याची पकड होती.

या गाडीत ड्रायव्हर पेट्रोलच्या टाकीवरच बसतो. टाकी बरोबर त्याच्या सीटखाली असते, १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे ५५ लिटरच्या वर. पेट्रोल भरायचं तर गादी उचलायची. हे ज्याने आखलं त्याला धोका पुरता ठाऊक होता, म्हणून विझवायचं साधनही त्याने तिथेच दिलं. गाडी डाव्या हाताची, बाहेर पडायची वाट डावीकडे, आणि त्याच वाटेवर नळकांडं. उतरता उतरता हात पडावा असं. बाहेरच्या अंगाला, त्याच बाजूला, फावडं आणि कुऱ्हाड बांधलेली. माती टाकायलाही वेगळं काही शोधायला नको.

तसलं एक पितळी नळकांडं माझ्याकडे आहे, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं. आत पंप आहे. मूठ फिरवून सोडवायची आणि सायकलच्या पंपासारखी मागेपुढे करायची. ओढताना आणि दाबताना, दोन्ही वेळा धार येते. आत पाणी नसायचं, कार्बन टेट्राक्लोराईड असायचं, साधारण एक लिटर.

पाणी का नाही, याची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडच्या कॅप्टन मॅनबीने १८१८ साली तांब्याच्या भांड्यात क्षाराचं पाणी आणि दाबलेली हवा भरून हाताने नेता येईल असं साधन करून दाखवलं. पुढे सोडा आणि आम्लाची नळकांडी आली. ती उलटी केली की आम्ल सोड्याच्या पाण्यात सांडायचं आणि गॅसच्या जोराने पाणी बाहेर पडायचं. शाळेच्या भिंतीवर टांगायला ठीक. खडकातून आदळत जाणाऱ्या गाडीत ते वाटेतच सुटलं असतं. शिवाय पेट्रोलवर पाणी मारलं की पेट्रोल वर तरंगतं आणि आग पसरते. १९१० च्या सुमारास अमेरिकेत पायरीन कंपनीने पितळी पंप काढला आणि मोटारवाल्यांचा प्रश्न सुटला. त्यातलं द्रव कडकडीत थंडीतही सहसा गोठत नाही, विजेच्या तारांवर मारलं तरी झटका बसत नाही, आणि त्याची वाफ हवेपेक्षा पाचपट जड असल्याने आगीवर गोधडी टाकल्यासारखी बसते.

पण ते तापलेल्या लोखंडावर पडलं की त्यातून फॉस्जीन निघतं. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हाच तो वायू. नुसती वाफसुद्धा यकृत खाते. माझे उस्ताद सांगायचे, त्यांच्या तरुणपणी गॅरेजात याच द्रवाने कपड्यांवरचे ग्रीसचे डाग काढायचे, दार बंद करून. ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पुढे ओझोनच्या थराचं नुकसान करणाऱ्या पदार्थांतही त्याचं नाव आलं. त्याच्या जागी आलेल्या हॅलॉनचंही तेच झालं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर पुढारलेल्या देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून थांबलं. कार्बन डायऑक्साईड उघड्या गाडीत वाऱ्यावर उडून जातो. शेवटी पावडरच टिकली.

औषध चार वेळा बदललं आणि ते बदलायलाच हवं होतं. पण नळकांड्याची जागा ड्रायव्हरच्या हाताजवळून मागे का गेली, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मी हे पोटतिडकीने लिहितो, कारण मी गाडी जळताना पाहिली आहे. मार्च महिना, पाटणच्या वरचं पठार, कमरेएवढं वाळलेलं गवत. आम्ही चौघे एकाच्या नव्या गाडीतून निघालो होतो. पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर गवत साचत गेलं आणि सायलेन्सरला चिकटलं. आधी भाजक्या कणसासारखा वास आला. कुणीतरी म्हणालं, शेतकऱ्याने बांध पेटवला असेल. मग फटीतून धूर आला. सिलिंडर होता, चांगला एक किलोचा, काटा हिरव्यात. पण मागच्या बाजूला, तंबू, दोर आणि भांड्यांच्या पोत्याखाली. तो हाती येईपर्यंत वायरिंग पेटलं होतं. एक किलो पावडर आठ-दहा सेकंद पुरते. आमची पुरली नाही.

धनगरवाड्यावरची माणसं निरगुडीचे ओले डहाळे घेऊन धावत आली. एक म्हातारा ओरडला, “अरं, गाडी जाऊ द्या, पयलं गवत मारा!” आम्ही सगळे गवत झोडपत राहिलो. त्यांची गुरांची वैरण वाचली. गाडीचा सांगाडा उरला.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक डोंगरातल्या गाडीत मी सिलिंडर सीटच्या पुढे, लोखंडी पट्ट्याच्या पकडीत लावतो. प्लास्टिकच्या चिमट्यात नाही, तो पहिल्याच ओढ्यात तुटतो. महिन्यातून एकदा काढून उलटा करून हलवायला सांगतो, कारण दणक्यांनी पावडर तळाशी बसते. आणि एकदा जरा जरी दाबला तरी पुन्हा भरून घ्यायचा. झडपेत पावडरचे कण अडकतात आणि उरलेला दाब गुपचूप निघून जातो.

जीप तयार झाली तेव्हा मालक म्हणाला, “काका, तिथं पितळीच लावा की. मूळ दिसेल.” मी पितळी त्याच्या दिवाणखान्यासाठी दिलं, रिकामं, धुतलेलं. गाडीत त्याच जुन्या भोकांत नवे बोल्ट टाकून लाल सिलिंडर बसवला. मग त्याला सीटवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, हात ने. आधी क्लचच्या बाजूला चाचपडला, मग पत्र्याला लागला. पुन्हा करायला लावलं. संध्याकाळपर्यंत त्याची दहा वर्षांची मुलगीही ते करून दाखवत होती.