बहुवचनी पोहे

मराठीत दोन शब्द असे आहेत की, ते कधी एकवचनात सापडत नाहीत. एक ‘वडील’ आणि दुसरा ‘पोहे’. ‘वडील आला’ असे कुणी म्हणत नाही आणि ‘मी आज पोहा खाल्ला’ असेही कुणी सांगत नाही. पहिल्याचे कारण आदर, दुसऱ्याचे भूक. आमच्या टिटवाळ्याच्या घरात हे दोन्ही बहुवचनी शब्द रोज सकाळी एकत्र येत. आमचे वडील पोहे करीत.

मी बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध एवढाच की, आमच्या शाखेतले पंखे ऐतिहासिक आहेत. तरीही पोह्यांचा इतिहास लिहायला बसलो आहे, कारण त्यात आमच्या घरची एक जुनी बाकी आहे आणि ती वहीत मांडायची राहून गेली आहे.

पोह्यांना संस्कृतात ‘पृथुक’ म्हणतात. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णाचा एक गरीब मित्र त्याला भेटायला द्वारकेला निघतो. आपण त्याला सुदामा म्हणतो. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून त्याची बायको पोहे चिंधीत बांधून देते. पुढे कृष्णाने ती पुरचुंडी कशी ओढून घेतली, हे कीर्तनकार रंगवून सांगतात. पण मी पडलो बँकवाला, माझी नजर आधीच्या नोंदीवर अडते. ते चार मुठी पोहे त्या बाईने शेजारपाजारच्या घरांतून मागून आणलेले होते! तारण नाही, जामीनदार नाही, तीन प्रतींत अर्ज नाही. आमच्या शाखेत ही केस पहिल्याच टेबलावर नामंजूर झाली असती.

गरिबाच्या घरी पोहेच का असावेत, यालाही कारण आहे. भात भिजवायचा, भाजायचा आणि गरम असतानाच कांडायचा, की तो चपटा होतो. म्हणजे पोहे हा अर्धा शिजलेलाच पदार्थ. टिकतो चांगला, पाण्याच्या हबक्याने मऊ होतो आणि चुलीला फारसे काम पडत नाही. ज्या घरात रॉकेल रेशनकार्डावर मोजून येते, त्या घराला हे विशेष पटते.

आमच्या घराला ते १९८२ साली पटले. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत साचेखात्यातले आमचे अण्णा एक. लग्नाआधी ते लालबागला खानावळीत जेवत. गिरणगावातल्या शेकडो बाया अशा खानावळी चालवीत. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. म्हणजे अण्णांना आधी खानावळवालीने जेवू घातले, मग आईने. स्टोव्हशी त्यांची ओळख विडी पेटवण्यापुरती.

संप लांबला तशी आईने कल्याणला एका बालवाडीत नोकरी धरली. ती पहाटेच्या लोकलने जाऊ लागली आणि स्टोव्ह अण्णांच्या ताब्यात आला. पहिल्या दिवशी त्यांनी पोहे भिजत घातले ते बादलीत. दुसऱ्या दिवशी भिजवलेच नाहीत. पण ज्या माणसाने चार-चार साचे एका वेळी सांभाळले, तो पोह्यांना किती दिवस घाबरणार? महिनाभरात हात बसला. कांदा बारीक, मोहरी तडतडलेली, कढीपत्ता परसातला, वर लिंबू. खोबरे पगाराच्या दिवशी. आणि पगार आईचा, हे अण्णा आम्हांला आठवणीने सांगत.

मग अण्णांच्या डोक्यात धंदा आला. टिटवाळ्याचा महागणपती प्रसिद्ध. मंदिराचा संबंध लोक शकुंतलेपासून थोरल्या माधवराव पेशव्यांपर्यंत जोडतात. मंगळवारी तिथे गर्दी असते, अंगारकीला तर मुंगीला वाट नाही. अण्णांनी हिशेब केला : एवढी माणसे, एवढी पोटे. चाळीतल्या चार घरांतून त्यांनी पोहे उसने आणले, पहाटे उठून मोठे पातेलेभर केले आणि ते घेऊन स्टेशनाबाहेर बसले.

अंगारकी म्हणजे मंगळवारी आलेली संकष्टी. संकष्टीला लोक उपास करतात. अण्णांनी गर्दी मोजली, चतुर्थी मोजली नाही! दुपारी पातेले जसेच्या तसे घरी आले. शेजारचा साबुदाण्याच्या खिचडीवाला मात्र दहालाच रिकामा झाला होता.

आता गंमत पाहा. उपासाला काय चालते? बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. १४९८ साली वास्को-द-गामा कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यानंतरच्या काळात ही मंडळी हळूहळू आपल्याकडे आली. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, तोही ब्राझीलकडचा, आणि सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४०च्या दशकात. म्हणजे परदेशचे पाहुणे सोवळ्यात बसले आणि प्रत्यक्ष कृष्णाने खाल्लेले पोहे पंगतीबाहेर! हे सगळे मी अण्णांना पुष्कळ वर्षांनी, नवे वाचलेल्याच्या उत्साहात ऐकवले. ते म्हणाले, “हे तेव्हा सांगायचं होतंस.” तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो.

त्या दुपारी अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी आई आली. पातेले पाहिले आणि एवढेच म्हणाली, “अहो, आज चतुर्थी ना?” रात्री चंद्रोदय झाला. आरती आटोपली आणि दारात समोरच्या काकू वाटी घेऊन उभ्या. “भावजी, उपास सोडायचाय. पोहे उरलेत म्हणे?” मग दुसरी वाटी, तिसरी वाटी. ज्या चार घरांतून पोहे उसने आणले होते, ती चारही घरे आली आणि त्यांच्यामागून अख्खी चाळ. अण्णांनी पोहे परतून गरम केले. काकूंनी जाताना फळीवर नाणी ठेवली. अण्णा म्हणाले, “वहिनी, पोहे तुमचेच आहेत.” काकू म्हणाल्या, “पोहे माझे, मीठ-मिरची तुमची.” इतका चोख हिशेब मी बँकेतसुद्धा पाहिलेला नाही.

गिरणी पुन्हा सुरू झाली, पण अण्णांना आत घेतले नाही. पुढे मिळतील ती कामे त्यांनी केली आणि पोहे मात्र रोज केले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यामुळे आमचे वडील शेवटपर्यंत संपावरच होते, असे मी म्हणतो.

त्यांच्या श्राद्धाला कांदा चालत नाही, म्हणून मी दुसरा दिवस धरला आहे. अंगारकीचा. चंद्रोदयानंतर पातेलेभर कांदेपोहे करतो आणि आमच्या इमारतीत वाट्या पोचवतो. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाने विचारले, “आज काय विशेष?”

म्हटले, “काही नाही हो. वडिलांचे थोडे देणे होते.”

त्यांनी वाटी परत केली ती रिकामी नाही, साखर घालून. म्हणजे बाकी पुन्हा माझ्याच अंगावर!