जुहू-पवई जोडणी आणि खाजगी मार्गाचा प्रश्न

मुंबईच्या उपनगरांतील संगणक-जाळ्यांच्या जोडणीचा आरंभ सामान्यतः १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा जनतेस खुली केली त्या दिवसापासून, मानला जातो. ही कालगणना ग्राह्य धरता येत नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली अर्नेट प्रकल्प हाती घेतला, त्यातील आठ संस्थांपैकी दोन उपनगरांतीलच होत्या : जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था.

या दोहोंमध्ये १९८७ च्या सुमारास साध्या दूरध्वनीच्या तारेवरून पत्रव्यवहार सुरू झाला. एका संगणकाने मोडेममार्फत दुसऱ्यास फोन लावावयाचा, ठरलेले नाव व परवलीचा शब्द सांगावयाचा, साचलेली पत्रे द्यावयाची-घ्यावयाची आणि फोन ठेवावयाचा, अशी ही रीत. हरकाऱ्यांच्या डाकेशी तिचे साम्य उघड आहे. तार सार्वजनिक होती आणि मजकूर उघडा होता. व्यवहार निर्धास्त चालला तो मंडळी मोजकी व परस्परांस परिचित होती म्हणून. १९८९ साली जुहूचे केंद्र अमेरिकेतील यूयूनेटशी जोडले गेले, आणि परिचयाचा हा आधार सैल होऊ लागला.

योगायोग असा की, ज्या ऑगस्ट १९९५ मध्ये येथे सेवा खुली झाली, त्याच महिन्यात ‘आयपीसेक’ या सुरक्षा-पद्धतीचे पहिले मानक-दस्तऐवज प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये ते सुधारण्यात आले. परिचयाची जागा आता गणिताने घेतली. अंधेरी व मुलुंड येथील दोन कचेऱ्या जोडावयाच्या असल्यास भाड्याची स्वतंत्र तार अपरिहार्य राहिली नाही. दोन्ही टोकांचे राउटर आधी एकमेकांची ओळख पटवून किल्ली ठरवितात. मग आतील प्रत्येक संदेश-पुडके कूटबद्ध करून दुसऱ्या वेष्टनात घालतात व सार्वजनिक मार्गाने धाडतात. यालाच आभासी खाजगी जाळे, रूढ भाषेत व्हीपीएन, म्हणतात. (दोन्ही कचेऱ्यांत १९२.१६८.१ हीच पत्तामालिका असेल, तर मात्र एका बाजूचे पत्ते बदलावे लागतात किंवा राउटरकडून रूपांतरित करून घ्यावे लागतात. अनेक जोडण्या अडतात त्या या क्षुल्लक भासणाऱ्या कारणाने.)

तथापि वेष्टन सर्व काही झाकते असे नव्हे. कोणते दोन राउटर, केव्हा आणि किती वेळ बोलले, हे वाटेवरच्या सेवादात्यास दिसतच राहते. पवईहून जुहूस फोन केव्हा लागला हे १९८७ साली टेलिफोन एक्स्चेंजला कळत होते, तसेच.