बर्जील : राजनैतिक भेटीतला वातमनोरा

इराणच्या आखाताकाठी जुन्या घरांच्या गच्चीवर वारा पकडण्यासाठी बांधलेला, चारही बाजूंनी उघडा मनोरा. इराणात याला बादगीर म्हणतात, अरबी किनाऱ्यावर बर्जील. आखाती देशांत पाहुण्यांना द्यायच्या स्मृतिचिन्हांत याच्या छोट्या प्रतिकृती असतात. वास्तूची प्रतिकृती देऊन जुने नाते सांगण्याची रीत भारतानेही पाळली आहे. एप्रिल २०१६ मध्ये रियाधभेटीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सौदी अरेबियाचे राजे सलमान यांना केरळातील चेरामन जुमा मशिदीची सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती दिली होती.

मनोऱ्याची पोकळी एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरक्या भिंतींनी चार भागांत विभागलेली असते. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचा भाग तो खाली खोलीत सोडतो आणि समोरचा भाग खोलीतली कोंदट हवा वर ओढून घेतो. दुपारी घरची मंडळी नेमकी या झोताखाली चटया टाकून पडत. थंडीत खालचे तोंड फळ्यांनी बंद करीत. मनोऱ्यातून बाहेर डोकावणारे लाकडी वासे पुढे डागडुजीच्या वेळी पायाड म्हणून उपयोगी पडत. खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहणारी माणसे चौकटीवर कापड किंवा गोणपाट ताणून हेच काम भागवीत. गरिबाघरचे हे बर्जील टिकले नाहीत आणि प्रतिकृतीतही येत नाहीत, ही उणीव मोठी आहे.

दुबईच्या खाडीकाठची बस्ताकिया वस्ती (आजचे अल फहीदी) इराणातील बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, वासे पूर्व आफ्रिकेतील खारफुटीचे, तर दारांचे सागवान भारतातले. आखातातील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि दुबईत १९६६ पर्यंत रुपया चालत असे. त्यामुळे बर्जील मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. १९८० च्या दशकात या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला वाचवण्यासाठी रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने प्रयत्न केले. १९८९ मध्ये राजपुत्र चार्ल्स दुबईस आले असता त्यांनी वस्ती पाहिली, जतनाचा आग्रह धरला आणि पाडकाम थांबले. एका राजनैतिक भेटीने बर्जीलवर केलेला हा सर्वांत मोठा उपकार होय.

वारा पकडण्याचे हेच तत्त्व इतरत्र निरनिराळ्या रूपांत दिसते. सिंधमधील हैदराबादेत मनोऱ्यांची तोंडे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याकडे, एकाच दिशेला असत. इराणातील यझ्द येथील दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. अबू धाबीजवळच्या मसदर शहरात ४५ मीटरचा पोलादी वातमनोरा उभारला आहे.

हे तत्त्व विदर्भातही उपयोगी पडू शकेल. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर-हिंगणघाट भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मात्र तिथे दुबईचा मनोरा जसाच्या तसा आणून उपयोग नाही. आखाती किनाऱ्याची हवा दमट; तिथला बर्जील मुख्यतः अंगावर वारा खेळवून घाम सुकवतो. विदर्भातला उन्हाळा कोरडा, म्हणून तिथे यझ्दची रीत जवळची : त्या वाळवंटी शहरात मनोऱ्यातून उतरणारा वारा पाण्यावरून नेऊन गार करतात. वाळ्याच्या ताट्या भिजवणे आणि घरोघरचा कूलर हे दोन्ही याच तत्त्वावर चालतात. मृग लागून हवा दमट झाली की कूलर निकामी ठरतो तो त्याचमुळे. कूलरला पंखा आणि वीज लागते, बादगीरला या दोन्ही गोष्टी लागत नाहीत. लू सुटली की दारे-खिडक्या लावून बसणाऱ्या प्रदेशात शाळा, दवाखाने आणि ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतींचे आराखडे करताना स्थापत्य अभियंत्यांनी हा नमुना अवश्य तपासावा.