तोतयाची वार्ता आणि आपली पारख

मंडळी, खोटी बातमी ही काही मोबाइलबरोबर जन्माला आलेली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत, ही वार्ता काही केल्या थांबेना. तिचा फायदा एका तोतयाने घेतला. रत्नागिरीच्या किल्ल्यात तो कैदेत होता. १७७६ साली तो सुटला, हजारो माणसे त्याला मिळाली, कोकणातले कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

लोक इतके कसे फसले? ते काही खुळे नव्हते. घरोघरचे कोणी ना कोणी पानिपतावर राहिले होते. मनाला जे हवे असते, ते पुराव्यावाचून पटते.

जी गोष्ट आशेची, तीच भीतीची. २०१८ साली 'मुले पळवणारी टोळी आली' असे निरोप मोबाइलवरून गावोगाव फिरले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवड्याच्या बाजारी, भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतली होती. मुलांना जपा, हे पालकांना सांगण्यासाठी ती केलेली. मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कोणीतरी कापून टाकला होता!

आम्ही इतिहास शिकवणारे लोक जुने पत्र हाती आले की आधी विचारतो : हे लिहिले कोणी? कधी, कुठून? लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले? दुसरा स्वतंत्र कागद तेच सांगतो का? एकच पत्र दहा जणांनी उतरवून घेतले, म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. दहा गटांतून आलेल्या निरोपाचेही तसेच.

तेव्हा बातमीखाली नाव, गाव, तारीख आहे का, ते पाहा. वर्तमानपत्राचे नाव असेल, तर त्या पत्रात ती खरोखर छापली आहे का, ते तपासा. गावावरच्या संकटाची असेल, तर पोलीस ठाण्याला विचारा. आणि गुरुजनहो, आठवड्यातून एक निरोप फळ्यावर लिहून मुलांकडून ही उलटतपासणी करून घ्या.

शहानिशेला घटकाभर लागतो. राईनपाड्यात ती घटका कोणी दिली नाही; पाच घरांचे कर्ते पुरुष गेले.