सा-ग-पच्या वरचे स्वर

पेटीवर सा-ग-प एकदम दाबा: हा साधा मेजर कॉर्ड. मधला एकेक स्वर सोडत वर चढलं, की कोमल नीने सेव्हन्थ होतो, त्यापुढच्या रेने नाइन्थ. नी गाळून नुसता रे जोडला, तर तो ‘ॲड नाइन’. सा-ग-पमध्ये ध मिसळला की सिक्स्थ. पण तेच चार स्वर ध पायाशी ठेवून वाजवले, तर मायनर सेव्हन्थ.

असे कॉर्ड मुंबईच्या हॉटेलांत जॅझबरोबर रुळले. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये वाजवत होता. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोव्याचे वादकही जॅझ वाजवू लागले आणि पुढे फिल्म स्टुडिओत आले. संगीतकार चाल द्यायचा. सॅबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर तिच्याखालचे कॉर्ड आणि वाद्यांचे भाग लिहायचे.

नाव व्हायचं ते मात्र संगीतकाराचं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, ती त्यांचे शिष्य प्यारेलाल यांची मानवंदना होती. म्हणून जुनं गाणं लावलं, की मी एकदा तरी गायकाला सोडून मागचं ऐकते. तिथला प्रत्येक जादा स्वर कुणीतरी विचार करून लिहिलेला असतो.