कॅल्शियम : एका विकाराचा अर्धा उतारा

१/८
श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ऊन मुबलक, ताटात मासळीही. तरीही ज्याच्या गळ्यातील परावटू ग्रंथी निकामी झाल्या, त्याला या दोहोंतून मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाचा पुरेसा उपयोग होत नाही. ते कार्यक्षम करण्याचा आदेश मूत्रपिंडाला याच ग्रंथींचे संप्रेरक देते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांचा, आणि त्यातील धोक्याचा, हा इतिहास.

२/८
त्याची सुरुवात एका भारतीय गेंड्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन करून अवटू ग्रंथीला चिकटलेल्या एका लहान पिवळसर ग्रंथीचे वर्णन केले. माणसातील या ग्रंथी १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रोम यांनी दाखवून दिल्या. त्या सहसा चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

३/८
त्यांचे महत्त्व रुग्णांच्या यातनांतून कळले. गलगंडासाठी अवटू ग्रंथी समूळ काढल्यावर काहींच्या हातापायांना वांब येत, झटके येत, काही दगावत. अवटूबरोबर नकळत परावटूही कापल्या जात होत्या.

४/८
१९०९ मध्ये बाल्टिमोरच्या मॅककॅलम आणि फ्योग्टलिन यांनी परावटू काढलेल्या कुत्र्यांना कॅल्शियमचे क्षार टोचले. झटके थांबले. उपचाराची दिशा ठरली.

५/८
पुढे जोडीला ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा आल्या. ते चरबीत साठते. मात्रा अधिक झाली तर दुष्परिणाम आठवडेच नव्हे, महिनेही टिकतो. १९७१ मध्ये त्याचे कार्यक्षम रूप, कॅल्सिट्रिओल, ओळखले गेले. औषध थांबवल्यावर त्याचा प्रभाव काही दिवसांत ओसरतो.

६/८
मूळ अडचण मात्र उरलीच. परावटू संप्रेरक मूत्रातून निसटणारे कॅल्शियम रक्तात परत आणते. औषधे आतड्यातील शोषण वाढवतात. ही गळती पुरेशी रोखू शकत नाहीत. रक्तातील आकडा जितका वर नेला जातो, तितके कॅल्शियम मूत्रात उतरते. मुतखडे होतात, मूत्रपिंडात क्षार साचतात, त्याचे कार्य मंदावते.

७/८
म्हणून वैद्य रक्तातील कॅल्शियम सामान्य पातळीच्या खालच्या काठावर किंवा किंचित खाली ठेवतात आणि चोवीस तासांच्या मूत्रातील कॅल्शियमही मोजतात. मात्रा कमी पडली तर मुंग्या आणि वांब. अधिक झाली तर तहान, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडाची हानी. वाट या दोहोंमधून जाते, आणि ती अरुंद आहे.

८/८
१९२२ मध्ये इन्सुलिन शुद्ध करणाऱ्या जेम्स कॉलिप यांनीच १९२५ मध्ये परावटूंचा प्रभावी अर्क मिळवला. मधुमेहींना त्यांचे संप्रेरक लगेच लाभले. परावटूंच्या रुग्णांसाठी संपूर्ण संप्रेरकाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१५ मध्ये. मधली नव्वद वर्षे त्यांनी अर्ध्या उताऱ्यावर काढली.