चलच्चित्राच्या जन्मकथेतील अनामिक हात



सिनेमा कोणी शोधून काढला, असे विचारले तर अमेरिकन माणूस एडिसनचे नाव घेतो आणि फ्रेंच माणूस ल्यूमिएर बंधूंचे. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. एखादे यंत्र कोणाच्या मालकीचे हे विचारण्याआधी ते कोणाच्या हातून घडले, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. चलच्चित्राच्या जन्माकडेही आज आपण त्याच नजरेने पाहू.

पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला वाटते. वास्तविक तेथे स्थिर छायाचित्रेच एकामागून एक झरझर येत असतात. अशी छायाचित्रे टिपण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग मांडून धावता घोडा टिपला. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने सेकंदाला १२ छायाचित्रे घेणारी बंदूक बनवली. १८८८ मध्ये इंग्लंडातील लीड्स शहरी ल प्रॅन्स याने कागदी फितीवर चलच्चित्र घेतले. पण १८९० मध्ये तो फ्रान्समध्ये बेपत्ता झाला आणि त्याचे काम मागे पडले. त्याच सुमारास ईस्टमनची सेल्युलॉइडची लवचिक फीत बाजारात आली आणि मोठी अडचण दूर झाली.

एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाचा पगारी सहाय्यक होता. ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली फीत घडवण्यात मोठा वाटा त्याचा. तिच्यावर चालणारी, एका वेळी एकानेच डोकावून पाहण्याची पेटी १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन दाखवली जाऊ लागली. पेटंटाचा अर्ज मात्र एडिसनच्या एकट्याच्या नावाने गेला होता. पुढे १९०८ च्या अखेरीस एडिसन आणि इतर पेटंटधारकांनी मिळून धंद्याचा मक्ताच उभारला. १९१५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला.

फ्रान्समध्ये लिओं शहरी ल्यूमिएर कुटुंबाचा छायाचित्रणाच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. शिवणयंत्रात कापड थोडे सरकते, थांबते, टाका पडतो आणि पुन्हा सरकते. फीतही तशीच सरकवावी, ही युक्ती लुई ल्यूमिएरला सुचली. ती पहिल्या यंत्रात उतरवली कारखान्याचा मुख्य मिस्त्री शार्ल म्वासों याने. चित्र घेणे, त्याची प्रत काढणे आणि पडद्यावर टाकणे ही तिन्ही कामे ते एकच यंत्र करी. १३ फेब्रुवारी १८९५ चे त्याचे पेटंट दोघा भावांच्या नावाने आहे.

आता या यंत्राने प्रथम काय टिपले ते पाहा. राजाची स्वारी नाही, नटीचा नाच नाही. कारखान्याचे फाटक उघडते आणि काम आटोपलेले कामगार बाहेर पडतात. त्यांत बायाच अधिक. लांब झगे, डोक्यावर टोप्या, घरची ओढ. मध्येच एखादी सायकल, एखादा कुत्रा. पाऊण मिनिटाचा हा खेळ २२ मार्च १८९५ रोजी पॅरिसच्या एका सभेत दाखवला गेला. २८ डिसेंबरला ग्रां काफेच्या तळघरात एकेक फ्रँक मोजून ३३ प्रेक्षक जमले, तेव्हाही आरंभ याच चित्राने झाला.

हीच माणसे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलातल्या पडद्यावर चालत आली. त्या दिवशीच्या सहा चित्रांत कारखाना सुटण्याचे हे चित्रही होते. तिकीट एक रुपया. गिरणीतल्या मजुराची ती एका दिवसाहून अधिक कमाई. म्हणजे लिओंचा कामगार पडद्यावर होता, परंतु परळचा कामगार दाराबाहेर. पुढे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा चार आण्यांची जागाही ठेवण्यात आली.

आपल्याकडची गोष्टही वेगळी नाही. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो दादासाहेब फाळक्यांच्या जिद्दीने, यात शंका नाही. पण कोऱ्या फिल्मला भोके पाडायला आणि मंडळींचा स्वयंपाक रांधायला सरस्वतीबाई होत्या.

आम्ही एडिसनला किंवा ल्यूमिएरांना लहान करू इच्छित नाही. त्यांची बुद्धी आणि भांडवल नसते तर हे काम कदाचित रेंगाळले असते. आमचे म्हणणे इतकेच, की पेटंट म्हणजे मालकीचा कागद. तो जन्माचा दाखला नव्हे. नाव आपोआप कोणी लावीत नाही. हॉलिवूडच्या लेखकांनासुद्धा चित्रपटावर कोणाचे नाव लागावे हे ठरवण्याचा हक्क १९४० च्या दशकाच्या आरंभी संघटनेच्या बळावर झगडून मिळवावा लागला.

लिओंच्या त्या फाटकातून बाहेर पडलेल्या बायांचे चेहरे सव्वाशेहून अधिक वर्षे टिकले आहेत. त्यांची नावे मात्र त्या चित्रावर नाहीत. आज खेळ संपला की शेकडो नावे पडद्यावरून सरकू लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. पुढच्या खेपेला दोन मिनिटे बसून ती नावे वाचावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.